नव्या गावात ताणा लावताना

बदली, लग्न, नवऱ्याची नोकरी, नाहीतर मुलांचे क्लास. मराठवाड्यात बायकांनी शहर बदलण्याची कारणं बहुधा या चारांतलीच असतात. सामान बांधताना भांडी आधी जातात, मग पुस्तकं, कपाटं. माग, चरखा, सुताच्या लडींची पेटी सगळ्यात शेवटी ट्रकमध्ये चढते आणि नव्या घरी माळ्यावर जाते. लातुरात तर हे फार पाहायला मिळतं. अकरावी-बारावीच्या दोन वर्षांसाठी आई मुलाला घेऊन येते, ट्युशन एरियाजवळ दोन खोल्या भाड्याने घेते, डबा आणि वेळापत्रक सांभाळते. तिच्या हातातली कला त्या दोन वर्षांत बंद पडते आणि पुष्कळदा पुन्हा सुरूच होत नाही. विणणाऱ्या, रंगवणाऱ्या, गाठकाम करणाऱ्या, गोधडी शिवणाऱ्या ज्या कुणी पुण्या-मुंबईहून, नागपूरहून, कोल्हापूरहून नांदेडला किंवा लातूरला आल्या आहेत, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. पुरुष कारागिरांनाही यातलं बहुतेक सगळं लागू आहे.

मूळ मुद्दा आधीच सांगते. जुन्या शहरातलं काम इथे जसंच्या तसं उभं करायला जाऊ नका. तेच सूत कुरिअरने मागवायचं, तेच रंग, तीच गिऱ्हाइकं फोनवर सांभाळायची, असं करणाऱ्यांचा खर्च वाढतो आणि मन तिकडेच राहतं. पहिले पाच-सहा महिने इथलं पाणी, इथला माल आणि इथले हात ओळखण्यात घाला. विक्रीचा विचार त्यानंतर.

या भागात हे नवं नाही. तेलंगणातून आलेले पद्मशाली विणकर नांदेडला स्थायिक झाले, सोलापूरला झाले. सोलापुरात त्यांनी जॅकार्डच्या मागावर नव्या बाजाराला हवी ती चादर विणली आणि आज त्या चादरीला भौगोलिक मानांकन आहे. जगातलं एक उदाहरणही मला फार जवळचं वाटतं. जर्मनीतल्या बाउहाउस या कलाशाळेत विणकाम शिकलेल्या अ‍ॅनी अल्बर्स १९३३ साली नाझी राजवटीमुळे देश सोडून अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनातल्या ब्लॅक माउंटन कॉलेजमध्ये गेल्या. तिथे त्यांनी विणकामाचा वर्ग उभा केला. पुढे मेक्सिकोत पाहिलेल्या प्राचीन दागिन्यांवरून सुचलं, तेव्हा एका विद्यार्थ्याबरोबर हार्डवेअरच्या दुकानातले वॉशर, कागदाच्या क्लिपा, सिंकची जाळी घेऊन गळ्यातले हार केले. जे गावात मिळतं त्याच्याकडे त्या कच्चा माल म्हणून बघत होत्या. नांदेडच्या वजिराबादेत किंवा लातूरच्या गंजगोलाईत फिरताना ही नजर ठेवा.

सामान आणताना थोडी काळजी घ्या. माग सोडवण्याआधी चारी बाजूंनी फोटो काढा, प्रत्येक सांध्याला खडूने खूण करा, नट-बोल्ट त्या-त्या लाकडालाच पिशवीत बांधा. फणी ट्रकमध्ये देऊ नका, स्वतःबरोबर न्या. तिचे दाते एकदा वाकले की कापडात कायमची रेघ पडते. अर्धवट ताणा असेल तर तो कापायला मन धजत नाही, पण मागावर ताणलेला ठेवून प्रवास करवू नका. वई-फणीतून काढून, सांध बांधून, साखळी घालून गुंडाळून न्या. लोकर असेल तर निघण्याआधी कडक उन्हात टाका आणि वाळलेला कडुनिंबाचा पाला घालून बांधा. मोठा माग लगेच जोडायची घाई नको. गल्लीतल्या सुताराकडून दीड बाय दोन फुटांची चौकट करून घ्या, वर-खाली अर्ध्या इंचावर बिनडोक्याचे खिळे ठोकून घ्या. पहिले सगळे नमुने त्यावर होतात.

घर पाहताना दोन गोष्टी मालकाला स्पष्ट विचारा: गच्ची वापरायला मिळेल का, आणि बोअरचं पाणी वेगळ्या नळाला आहे का. लातुरात वरच्या मजल्यावर विद्यार्थी राहत असतील तर माग ठोकण्याची वेळ मुलं क्लासला गेल्यावरची ठेवा. परीक्षेच्या दिवसांत फक्त हातशिलाई करा. शेजाऱ्यांना आधी बोलावून काम दाखवलंत तर आवाजाची तक्रार येत नाही, उलट जुन्या साड्यांची गाठोडी यायला लागतात.

उन्हाळा मात्र खरोखर त्रास देतो. इकडचा एप्रिल-मे कोरडा असतो, पारा चाळिशी ओलांडतो. कोरड्या हवेत सुती धागा ठिसूळ होतो, ताणा सारखा तुटतो. जुने विणकर खड्ड्यातल्या मागावर बसत, त्यामागे हेही एक कारण होतं: जमिनीजवळच्या ओलाव्याने सूत मऊ राहतं. आपल्याला खड्डा करता येत नाही, पण मागाखाली ओलं पोतं पसरता येतं, खिडकीला वाळ्याचा पडदा लावता येतो, विणकाम सकाळी नऊच्या आत उरकता येतं. कूलर थेट मागाकडे तोंड करून लावू नका, एका बाजूचं सूत ओलं आणि दुसऱ्या बाजूचं कोरडं राहून कापड ओढतं.

आता पाणी. रंगकाम करणाऱ्यांनी हा भाग नीट वाचावा, कारण नव्या शहरात रंग बिघडला की आपण रंगाला किंवा स्वतःला दोष देतो आणि दोष बहुधा पाण्याचा असतो. नांदेड गोदावरीकाठी आहे, शहराला विष्णुपुरी धरणाचं पाणी मिळतं. लातूरला धनेगावच्या मांजरा धरणाचं. पण नळाला पाणी रोज येईलच असं नाही, म्हणून घरोघरी बोअर. आणि आपल्या काळ्या कातळातून येणारं बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड असतं. जड पाण्यात साबण फुटतो, सूत धुतलं तरी मेणचट राहतं, रंग डागाडागांनी चढतो. पाण्यात लोह असेल तर पिवळा रंग मळकट हिरवा होतो.

तपासणी घरीच होते. एका बाटलीत नळाचं, दुसरीत बोअरचं आणि तिसरीत आरओचं किंवा गाळलेलं पावसाचं पाणी घ्या. प्रत्येकीत साबणाचा तेवढाच चुरा टाकून हलवा. जिथे फेस न होता दह्यासारख्या कण्या तरंगतात, ते पाणी जड. मग लोहाची परीक्षा. एकाच पांढऱ्या सुती कापडाचे वीतभर तुकडे कापा, धुऊन घ्या, हिरड्याच्या पाण्यात रात्रभर भिजवून वाळवा. ते फिक्या पिवळ्या रंगाचे होतात. आता प्रत्येक तुकडा वेगवेगळ्या पाण्यात उकळा. ज्या पाण्यात तुकडा राखाडी पडेल, त्यात लोह आहे. असं पाणी काळ्या आणि करड्या छटांसाठी वापरता येतं, पिवळ्या-लालसाठी नाही. हे तुकडे वाळवून वहीत चिकटवा, खाली जागा आणि महिना लिहा. तोच नळ पावसाळ्यात वेगळं वागतो.

लातूरमध्ये काम करणाऱ्याने पाण्याचा हिशेब जास्तच काटेकोर ठेवावा असं मला मनापासून वाटतं. एप्रिल २०१६ मध्ये या शहरासाठी मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. पहिल्या गाडीत दहा टँकर होते, सुमारे पाच लाख लिटर पाणी. ज्या गावाने हे भोगलं आहे, तिथे सूत धुवायला बादल्यांवर बादल्या ओतणं शोभत नाही. म्हणून उन्हाळ्यात रंगकाम बंद ठेवा, तेव्हा गाठकाम, गोधडी, बिनरंगी लोकर हे धरा. रंगाचं काम श्रावण ते माघ. फिका रंग आधी, गडद नंतर, म्हणजे तेच पाणी दोन-तीनदा चालतं. तुरटी सुताच्या कोरड्या वजनाच्या दहा-पंधरा टक्के पुरते, त्याहून जास्त घातली तर ती पाण्याबरोबर वाहून जाते. मोरचूद आणि क्रोमसारखी रसायनं घरच्या मोरीत वापरूच नका.

रंगाचा माल इथे भरपूर आहे. डाळिंबाच्या साली ज्यूसवाल्याकडे, कांद्याची टरफलं भाजी बाजारात फुकट, बाभळीची साल शेतकऱ्याकडे. किनवट-माहूरकडच्या जंगलात फाल्गुनात पळस फुलतो. पडलेली फुलं गोळा करून सावलीत वाळवली तर पुढे काही महिने वापरता येतात. अर्धापूर-वसमत हा हळदीचा पट्टा आहे, त्यामुळे हळदीचा मोह होणारच. हळदीचा रंग पहिल्या दिवशी डोळे दिपवतो आणि उन्हात झपाट्याने उडतो. भिंतीवर लावायच्या कामासाठी हळद विकू नका. विकलीत तर गिऱ्हाइकाला आधी सांगा. डाळिंबाची साल पिवळ्यासाठी कितीतरी टिकाऊ आहे.

पाण्याइतकाच वेळ मालाला द्या. या दोन जिल्ह्यांत धागा किती प्रकारचा आहे हे बाहेरून आलेल्याला लवकर दिसत नाही, कारण तो ‘कलेच्या’ दुकानात नाही, जनावरांच्या बाजारात आहे. देवणी आणि लाल कंधारी या गोवंशाच्या जाती याच भागातल्या. जिथे बैल, तिथे दोर. पोळ्याच्या आधी पंधरा दिवस कुठल्याही तालुक्याच्या बाजारात जा: कासरे, दावी, म्होरक्या, वेसणी, गोंडे, माथोट्या. उदगीर तालुक्यातल्या हाळी-हंडरगुळीच्या बाजारात किंवा लोहा तालुक्यात मार्गशीर्षात भरणाऱ्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत जनावरांच्या साजाची दुकानं लागतात, ती एक-एक करून बघा. हल्ली नायलॉनचा दोर जास्त दिसतो. पण केकताडाचा वाख काढून दोर वळणारे, अंबाडीचं सोपट भिजत घालून धागा काढणारे हात अजून आहेत. त्यांच्याजवळ बसायला मिळालं तर सोडू नका.

दोर वळताना जरा जवळून बघा. वाखाची मूठ ओली करून मांडीवर तळहाताने पुढे घासली की पीळ एका दिशेने बसतो. असे दोन पदर शेजारी धरून उलट दिशेला सोडले की ते आपोआप एकमेकांवर चढतात. दोन पिळांच्या या ओढाताणीमुळेच दोर उलगडत नाही. गाठकाम करणाऱ्याने सुतळी दुकानातून घेण्याआधी एक हातभर दोर स्वतः वळावा. पीळ कुठल्या बाजूचा आहे हे बोटांना कळलं की गाठी आपोआप एका दिशेने बसायला लागतात. मृणालिनी मुखर्जी (१९४९–२०१५) यांनी बाजारातल्या अशाच जाड्याभरड्या तागाच्या दोरीला रंगवून, हाताने गाठी मारून माणसापेक्षा उंच शिल्पं केली. त्यांची छायाचित्रं शोधून बघा, मग पोळ्याचा बाजार वेगळा दिसेल.

लोकरीसाठी धनगर वाड्यांकडे वळा. दख्खनी मेंढीची लोकर खरखरीत, आखूड आणि बहुधा काळी-करडी असते. मऊ लोकरीची सवय असलेल्याला ती पहिल्या स्पर्शात आवडत नाही. अंगावर घालायच्या शालीसाठी ती नाहीच. पण जमिनीवर अंथरायला, भिंतीवर टांगायला, पिशवीला तिच्यासारखी टिकाऊ लोकर नाही, आणि काळ्या रंगासाठी थेंबभर पाणी लागत नाही. कोकराच्या पहिल्या कातरणीची, म्हणजे जावळाची लोकर त्यातल्या त्यात मऊ. ती वेगळी मागून घ्या. घोंगडी विणणारे ताण्याला चिंचोक्याची खळ लावतात. चिंचोके भाजून, साल काढून, दळून, शिजवून केलेली ही खळ सुती ताण्यालाही उत्तम चालते, आणि चिंचोके इथे किलोवारी मिळतात. आज अनेक मेंढपाळांना लोकरीला गिऱ्हाईक नाही. तेव्हा ‘फुकट घेऊन जा’ म्हणाले तरी किलोमागे दर ठरवून पैसे द्या.

अर्धापूरची केळी ठाऊक असतातच. घड उतरवला की खोड बांधावर पडून कुजतं. त्या खोडाच्या पापुद्र्यांतून चकचकीत, बळकट धागा निघतो. यंत्राशिवाय करून बघायचं असेल तर बाहेरचे दोन-तीन पापुद्रे टाकून मधले घ्या, हातभर पट्ट्या काढा, लाकडी फळीवर ठेवून बोथट सुरीने गर खरवडा, लगेच धुवा आणि सावलीत वाळवा. उशीर केला की चीक काळा पडतो आणि डाग निघत नाही. एका अख्ख्या खोडातून निघतो तो धागा शे-दोनशे ग्रॅमच्या घरातला, त्यामुळे ताण्याला तो वापरण्याची हौस करू नका. सुती ताण्यावर केळीचा बाणा घ्या. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ, परभणी येथे वस्त्रशास्त्राचा विभाग आहे, अशा धाग्यांविषयी विचारायला तिथे जावं.

कापसाचं बोलायचं तर हा गावरानी कापसाचा जुना पट्टा. नांदेडच्या कापूस संशोधन केंद्रातून ‘एनएचएच ४४’ हा संकरित वाण निघाला. आज लातूरकडे सोयाबीनच सोयाबीन दिसतं, तरी गादीवाल्या नदाफांकडे पिंजलेला कापूस मिळतो. तो हाताने कातायला, गोधडीत भरायला घ्या. खादी हवी असेल तर उदगीर लक्षात ठेवा. नांदेडच्या मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीच्या उदगीर केंद्रात विणलेल्या खादीतून राष्ट्रध्वज तयार होतात. देशात हे काम मोजक्याच ठिकाणी चालतं. ध्वजाच्या कापडाला सूत, वीण, वजन यांची कडक कसोटी असते. २०२१ च्या अखेरीस ध्वजसंहिता बदलली, यंत्रावरच्या आणि पॉलिस्टरच्या ध्वजांना परवानगी मिळाली. त्यानंतर हाताने कातणाऱ्या-विणणाऱ्यांसाठी दुसरं गिऱ्हाईक शोधणं जास्त निकडीचं झालं आहे. तुमचा ताणा त्यांच्या सुताचा असावा असं मी आग्रहाने म्हणेन. आणखी शिकायचं असेल तर वर्ध्याला जा. १९३८ मध्ये सुरू झालेलं मगन संग्रहालय खादी आणि नैसर्गिक रंगांवर आजही काम करतं.

माणसांकडे जाताना कलाकार म्हणून जाऊ नका, शिकणारी म्हणून जा. गल्लीत वाकळ शिवणारी एखादी मावशी असतेच. लातूरकडे तिला आक्का म्हणा. तिच्याजवळ बसून फक्त दोरा ओवून द्या. ती जुनं लुगडं जमिनीवर ताणून पसरते, कोपऱ्यांवर दगड किंवा तांबे ठेवते, थर घालते आणि बहुधा कडेने धावदोरा घालत घालत आत सरकते, त्यामुळे मधला फुगवटा दाबत दाबत थर सपाट बसतात. आपण मधून सुरुवात करतो आणि शेवटी कड वाकडी येते. मुखेड, कंधार, किनवटकडच्या तांड्यांवर बंजारा भरतकाम आहे: आरसे, कवड्या, जाड सुताचे टाके. तिथे आधी ओळखीच्या माणसाबरोबर जा. विचारल्याशिवाय फोटो काढू नका. टाका शिकून घेतलात तर शिकवणीचे पैसे द्या, आणि तो टाका तुमच्या कामात आला तर शिकवणारीचं नाव, तिला विचारून, चिठ्ठीवर लिहा. तिला नाव नको असेल तर तांड्याचं लिहा.

लातूरच्या क्लासवाल्या आयांना एक सुचवते. मुलं दुपारी वर्गात असतात तेव्हाचे दोन तास एकत्र बसा. चौघी पुरे. प्रत्येकीने आपल्या गावचा एक टाका दुसरीला शिकवायचा. दोन वर्षांनी परत जाताना एक पूर्ण गोधडी बरोबर असेल आणि कामही सुटलेलं नसेल.

कागदपत्रांचं थोडक्यात. ‘उद्यम’ नोंदणी मोफत आहे, कुणाला पैसे देऊ नका. हस्तकला विकास आयुक्तालयाचं ‘पहचान’ ओळखपत्र काढा. हातमाग विणकरांचं कार्ड वेगळं असतं. पीएम विश्वकर्मा योजनेत १८ व्यवसाय आहेत, त्यात शिंपी आहे, टोपली-चटई-काथ्याचं काम आहे, पण हातमाग विणकर नाही, म्हणून अर्ज करण्याआधी आपण कशात बसतो ते पाहा. बचत गटात असाल तर ‘उमेद’ या राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या तालुका कार्यालयात सरस प्रदर्शनांची चौकशी करा.

किमतीत मात्र बहुतेकजणी फसतात, म्हणून आकडे मांडते. समजा, एका भिंतीवरच्या कामाला सहा दिवस लागले. दिवसाची हजेरी ५०० रुपये धरली तर ३,००० मजुरी. माल ७००, वीज-भाडं-येणंजाणं ३००. झाले ४,०००. दुकानदार विक्रीवर ३० टक्के कापतो म्हणाला की आपण ४,००० वर ३० टक्के चढवतो आणि ५,२०० लिहितो. त्यातले १,५६० तो कापतो, हाती येतात ३,६४०. म्हणजे तीनशे साठ रुपये आपल्याच मजुरीतून गेले. ४,००० ला ०.७ ने भागायचं, किंमत येते ५,७१४. चिठ्ठीवर ५,७५० लिहा. ही किंमत इथल्या गिऱ्हाइकाला जड वाटत असेल तर मजुरी कमी करू नका, काम लहान करा: दोन दिवसांचं, हातभर. नांदेडला गुरुद्वाऱ्यामुळे देशभरातून माणसं येतात, त्यांना बॅगेत मावेल असं काहीतरी हवं असतं. दोराची किल्लीची साखळी, घोंगडीच्या तुकड्याचं आसन, खादीची छोटी पिशवी. मोठं काम त्यांना फोटोत दाखवा आणि ऑर्डर घ्या. निम्मे पैसे आधी, आणि मुदत देताना एप्रिल-मे धरू नका.